दाजींच्या रक्ताचा कागद

निरोध हा शब्द मी पहिल्यांदा माईकवरून उच्चारला तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि समोर सतरंजीवर बसलेल्यांत निम्म्या बायका होत्या. गाव किल्लारीच्या बाजूचं, भूकंपानंतर नव्या जागेवर बांधून दिलेलं. एकसारखी घरं, सरळ रेषेत रस्ते आणि मधोमध समाजमंदिर. माझा शब्द लाउडस्पीकरमधून गावभर गेला तसं सरपंचांनी छताकडं पाहिलं. छत नवं कोरं होतं, त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. मग ते माझ्या कानाशी झुकले. "सर, महिला मंडळ हाय. तेवढं एक सोडा, बाकी समदं सांगा."

मी तेवढं एक सोडलं आणि बाकी सगळं सांगितलं. विषाणू सांगितला, पांढऱ्या पेशी सांगितल्या, आफ्रिका सांगितली. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. त्या दिवशी मला या कामाची रीत कळली आणि पुढं तीन-चार वर्षं मी ती इमानेइतबारे पाळली.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते जीवशास्त्राचा मास्तर म्हणून. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक जोमात होतं. जळकोट, भोकर, कुठकुठून पालक आपापल्या पोरांना वळकटी आणि स्टोव्हसकट आणून सोडायचे. पहाटे साडेपाचला माझी पहिली बॅच, मग कॉलेज, मग संध्याकाळची बॅच. आमच्याकडं कुठलाही धडा हा आधी प्रश्न असायचा आणि मग जमलं तर धडा. मानवी प्रजनन आलं की मी खडू खाली ठेवून म्हणायचो, "हा स्कोअरिंग आहे, घरी वाचून घ्या, आयएमपी प्रश्न मी देतो." पोरंपोरी सुटकेचा श्वास टाकायची. मीही टाकायचो. एचआयव्हीवर एक प्रश्न हमखास असायचा: खालीलपैकी कशाने हा विषाणू पसरत नाही? पर्याय चार. वर्गातल्या एकाचंही उत्तर कधी चुकलं नाही. पसरत कशानं नाही हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पसरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तेवढ्यावरून कुणाला तरी वाटलं की हा मास्तर या विषयातला जाणकार आहे. भूकंपानंतर त्या भागात जीपा घेऊन येणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या. घरं बांधून झाली, शिलाई मशिनी वाटून झाल्या, आता त्यातल्या एका संस्थेला जनजागृती करायची होती. त्यांच्याकडं जीप होती, बॅनर होता, बोलणारा माणूस नव्हता. मी रविवारी मोकळा असायचो. शिवाय वर्गात मी इंग्रजीतून शिकवायचो आणि इंग्रजीत मला कसलीच लाज वाटत नसे, तिथं सगळं कसं स्वच्छ, आकृतीसारखं वाटायचं. मराठीत बोलायचं म्हटलं की दोनच प्रकारचे शब्द हाताशी येत. एक भिंतीवर कोळशानं लिहिलेले आणि दुसरे पंचांगात शोभतील असे. मी दुसरे निवडले. "योग्य ते साधन वापरून दक्षता घ्यावी" हे माझं वाक्य त्या पट्ट्यातल्या पुष्कळ समाजमंदिरांनी ऐकलेलं आहे.

प्रात्यक्षिकासाठी संस्था लाकडी नमुना देणार होती. तो आला नाही. म्हणून मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतली एक जाड परीक्षानळी रुमालात गुंडाळून नेऊ लागलो. पण आमच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन असायचं, पाहुण्यांचा परिचय असायचा, गावातल्या दोन गटांच्या दोन पुढाऱ्यांची दोन-दोन शब्दांची अर्ध्या अर्ध्या तासाची भाषणं असायची, आणि प्रात्यक्षिक वेळेअभावी राहायचं. ती परीक्षानळी जिल्हाभर फिरली आणि तिनं एकदाही उजेड पाहिला नाही. मी कधी हट्ट धरला नाही. वेळेचा अभाव मला मनापासून आवडायचा.

ऐकायला कोण यायचं, हेही सांगितलं पाहिजे. म्हातारी माणसं यायची, शाळेची पोरं रांगेनं आणून बसवली जायची, अंगणवाडीच्या बायका हजेरीपुरत्या यायच्या. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते ड्रायव्हर, ते गवंडीकामाला सोलापूर-हैदराबादला जाणारे तरणे गडी, ते सगळे आपापल्या कामावर. एकदा भाषण संपल्यावर एक म्हातारबा काठी टेकत मंचापर्यंत आले आणि म्हणाले, "सायब, मागच्या टायमाला बी आमचं नाव राहिलं व्हतं. ह्या एड्सच्या यादीत तेवढं घ्या." बिचाऱ्यांचा काय दोष! भूकंपापासून जीप आली म्हणजे यादी होणार आणि यादीत नाव नसेल तर काही मिळणार नाही, एवढं एकच खरं ज्ञान गावाला मिळालेलं होतं. मी त्यांना म्हणालो, तुमचं नाव नाहीये तेच बरं आहे. ते रागावून गेले. लातूरला परतताना हा किस्सा सांगून मी जीपमध्ये सगळ्यांना हसवलं.

माझी जेवणाची सोय एका खानावळीत होती. क्लासेसच्या गल्लीत दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक, पुढच्या खोलीत पोरांच्या पंगती. खानावळ चालवणारी बाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी तिनं ताट वाढता वाढता गाव विचारलं. मी जळकोटजवळचं एक खेडं सांगितलं. तिचा हात थांबला. "आगं बाई! म्हंजी आमच्या गावचे की तुमी. कुणाच्यातले?" मी घराणं सांगितलं. तिनं आपल्या बापाचं घर सांगितलं, मारुतीच्या पाठीमागं, चिंचेच्या पलीकडं. मग ती म्हणाली, "मंग भाऊच की तुमी," आणि माझ्या वरणावर तुपाचा आणखी एक चमचा सोडला.

आमच्याकडं माहेरच्या गावचा कुठलाही पुरुष, तो कुठल्याही घरचा असो, बाईचा भाऊ होतो. त्याला कागदपत्र लागत नाही. त्या दिवसापासून मी तिला आक्का म्हणू लागलो. राखी आली, भाऊबीज आली. नात्याबरोबर त्याचे नियमही आले. भावासमोर बहीण काही गोष्टी बोलत नाही आणि बहिणीसमोर भाऊ त्या गोष्टी मनातसुद्धा आणत नाही. उलट तिच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची, चेष्टा करायचा भावाला पुरेपूर हक्क. हक्क कसला, कर्तव्यच. मेव्हण्यानं दाजीची खोडी काढली नाही तर लोक विचारतात, काय झालं, बोलत नाहीत का एकमेकांशी?

दाजी किल्लारीच्या शेजारच्या गावचे. भूकंपात त्यांची आई गेली, घर गेलं. नव्या गावात घर मिळालं, पण दाजींना त्या सरळ रेषेतल्या रस्त्यांवर करमेना. घरं बांधली जात होती तोवर ते ट्रकमधून सिमेंट आणि खडी वाहत राहिले. बांधकामं संपली तशी लांबची ट्रिप धरली. गुजरात, कधी मद्रास. आक्का दोन लेकरं घेऊन लातुरात आली आणि तिनं खानावळ टाकली. दाजी पंधरा-वीस दिवसांनी येत. उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे. आले की दारातूनच सुरू व्हायचे, "काय मेव्हणे, ह्या ऐतवारी कोणत्या गावाला शहाणं करून आले?" मी म्हणायचो, "दाजी, गाव शहाणं झालं, आता तुमचा नंबर." ते आख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बघा रे पोरांनो, तुमच्या सराला पवायला येत न्हाई आन् हिरीवर उभारून आमाला शिकवून राहिलेत." पोरं ताटात तोंड खुपसून हसायची. आक्का आतून ओरडायची, "पोरांम्होरं काय बोलता ओ, कायतरी लाज!" पण तिच्या आवाजात हसू असायचं.

एकदा दाजी गमतीगमतीत म्हणाले होते, "गावात कशाला सांगता? रोडला या आमच्यापाशी, ढाब्यावर. तिथं खरी गरज हाय." मी म्हणालो होतो, "कार्यक्रम गावातच असतो दाजी, तसं ठरलेलं आहे." आज ते उत्तर आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या वर्षी भाऊबीजेला दाजी घरी होते ते आजारी म्हणूनच. ताप जाईना, गाल बसलेले, तोंड आलेलं. दिवाळीनंतर एका दुपारी, पोरं क्लासला आणि आक्का बाजारात गेलेली असताना, त्यांनी मला पुढच्या खोलीत बसवलं आणि शर्टाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "डाक्टर म्हणला, बायकोला घेऊन या, मंग सांगतो. बायकोला कशाला? आजारी मी हाय. तू वाच, विंग्रजी हाय."

कागदावर वाचण्यासारखं फार नव्हतं. तीन अक्षरं आणि पुढं एक शब्द. ती तीन अक्षरं मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिली होती की हात आपोआप वळला असता. "दाजी, एचआयव्ही आहे," मी म्हणालो.

"ते तुझ्या भाषणातलं?"

"हो."

ते पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले. मग म्हणाले, "कुठं लागलं असंल, काय सांगावं. लई रोड झाले माझे." त्या काळी त्यावर देण्यासारखं औषध आमच्या भागात कुणाच्या आवाक्यात नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही कळलेलं दिसत होतं. मला खरंच वाईट वाटत होतं. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट घण घालत होती. मागच्या खोलीत ज्या बाईच्या हातच्या भाकरीवर मी जगत होतो, तिचं काय?

"आक्काचं रक्त तपासावं लागेल," मी म्हणालो.

"तिला काय झालंय? ठणठणीत हाय ती."

"तरी. आणि इथून पुढं... तुम्हाला... साधन वापरावं लागेल."

"कसलं साधन?"

मी इकडंतिकडं पाहिलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. "निरोध," मी म्हणालो, आणि आवाज इतका खाली गेला की मलाच नीट ऐकू आलं नाही.

दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू आजारी मीच होतो. "येडा का काय तू? तिचं आप्रेशन झालंय की!"

सरकारनं वीस-पंचवीस वर्षं भिंती रंगवून त्यांना त्या वस्तूचा एकच उपयोग शिकवला होता. मूल नको असेल तर. आता मूल होणारच नाही म्हटल्यावर ती वस्तू घरात कशाला? आणि माझं 'योग्य ते साधन' त्या समजुतीला ओरखडाही काढू शकलं नव्हतं. फक्त दोन वाक्यं बोलायची होती. ऑपरेशननं मूल होणं थांबतं, आजार जाणं थांबत नाही. तुमच्यापासून तिला होईल. एवढंच. वर्गात हे मी इंग्रजीत एका दमात सांगितलं असतं. पण ती दोन वाक्यं बोलायची म्हणजे माझ्या गावच्या बहिणीच्या अंथरुणापर्यंत जायचं होतं, तेही तिच्या नवऱ्यासमोर, तिच्याच घरात बसून. "ते डॉक्टर नीट सांगतील. तुम्ही त्यांच्याकडं जा एकदा," मी म्हणालो.

"बघू," दाजी म्हणाले. मग माझा हात धरून म्हणाले, "आक्काला सांगू नको. तुला तिचीच शपथ हाय."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझ्या भित्रेपणाला त्या शपथेमुळं इज्जत आली.

संध्याकाळी आक्कानं भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता विचारलं, "भाऊ, ह्यांनी कागूद दावला म्हणं तुमाला. काय निघालं?"

"रक्त कमी आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. रक्त कमी म्हणजे तिच्या हातातली गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून दाजींपुढं गूळ-शेंगदाणे आले, पालक आला, खजूर आला, बाजाराच्या दिवशी कलेजी आली. मी पंगतीत बसून ते बघत होतो आणि जेवत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काही ना काही निघायचं. एक दिवस तिची पोरगी समोर होती. एक दिवस पोरं होती. एक दिवस कुणीच नव्हतं, म्हणून सांगता आलं नाही. एकट्या बहिणीला असलं कसं सांगायचं? त्या महिन्यात दोन रविवारी जीप आली. दोन गावं मी शहाणी केली.

डिसेंबर लागला तशी कॉलेजची जनजागृती फेरी निघाली. पुढं ढोल, मागं पोरंपोरी, हातात पुठ्ठ्याच्या पाट्या, आणि सगळ्यांत पुढं मी. "जाणून घ्या, सांगून टाका, वेळ आहे, मागे हटू नका!" घोषणा मीच रचलेली. ती मी म्हणायचो आणि मागची पोरं गल्ली दणाणून सोडायची. फेरी खानावळीच्या गल्लीत वळली. आक्का दारात उभी होती, पदराला पिठाचे हात पुसत. मी समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत, घोषणा देत, तिच्या दारावरून पुढं गेलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, दुपारची पंगत उठल्यावर, ती म्हणाली, "भाऊ, परवा सुट्टी टाका. नांदेडला जायचं हाय."

"कशाला?"

"माझं रगत तपासायला. हितं नको. हितं कोणत्या बी दवाखान्यात गेलं की कुण्या ना कुण्या पोराचे आईबाप बसलेले असतात."

मी काही विचारायच्या आत ती भांडी घेऊन आत गेली.

एसटीत ती खिडकीशी बसली, मांडीवर धपाट्यांचा डबा. अहमदपूर गेल्यावर बोलली. "तुमी त्यांची चेष्टा करायची सोडली, तवाच मला शंका आली. रगत कमी झालेल्या दाजीची कुणी चेष्टा सोडतं का? उलट जास्तच करतात. तुमी नुसतं खाली मान घालून जेवायलात. मंग त्या फेरीच्या दिवशी माझ्या दाराकडं बघितलं न्हाई. तुमची पोरं तर रोज जेवताना पाठ करत असतात, ताप जाईना, वजन उतरतं, तोंड येतं, अंग गळतं, ह्याचे पर्याय चार. मी आतून ऐकतच असते. चारी पर्याय माझ्या घरात हिंडून राहिले." मग म्हणाली, "त्या फेरीपासून मी पोरीजवळ निजते. पंधरा दिवस झाले."

मी मनातल्या मनात हिशेब केला. कागद वाचला दिवाळीनंतर लगेच. फेरी डिसेंबरात. मधला सगळा काळ तिला वाटत होतं की रक्त कमी आहे. नवऱ्याची सेवा करत होती, त्याच्याजवळ निजत होती. तिनंही तोच हिशेब केलेला असणार, पण ती लोह्यापर्यंत पुन्हा काही बोलली नाही. लोहा आल्यावर डबा उघडून मला धपाटं दिलं.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात त्या कामासाठी एक वेगळी खोली होती. आत एक समुपदेशक बाई, वय फार तर पंचवीस. मला बघताच उठून उभी राहिली. "सर, तुम्ही! आमच्या गावी आला होतात भाषणाला. मी बारावीला होते." मग आक्काकडं बघून, "या सरांच्या...?"

"नाही, नाही," मी घाईनं म्हणालो. "ओळखीच्या आहेत."

आक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं. बस्स.

मी बाहेर थांबतो म्हणालो, पण आक्का म्हणाली, "बसा की. तुमाला तर समदं येतंयच." त्या मुलीनं टेबलाच्या खणातून लाकडी नमुना काढला, एक पाकीट फोडलं आणि सांगायला सुरुवात केली. कसं धरायचं, कसं चढवायचं, कधी काढायचं, कुठं टाकायचं. ऑपरेशन झालेलं असलं तरी हे लागतंच, कारण ते वेगळ्यासाठी आणि हे वेगळ्यासाठी. साधी मराठी. भिंतीवरचाही शब्द नाही, पंचांगातलाही नाही. मिनिट-दोन मिनिटांत तिचं सांगून झालं. मी समोरच्या पोस्टरवरची अक्षरं वाचत होतो. आक्का मात्र खुर्ची पुढं ओढून बघत होती आणि प्रश्न विचारत होती, शेवटी म्हणाली, "बाई, जेवणातून तर होत न्हाई ना? माझी खानावळ हाय, परक्याची लेकरं जेवतात." मुलगी म्हणाली, नाही होत. आक्का म्हणाली, "पाठ हाय मला. पण कुणीतरी नीट तोंडावर सांगावं वाटत होतं."

तपासणीत काही निघालं नाही. पण मुलगी म्हणाली, आत्ताचं आत्ता दिसत नाही; शेवटच्या संबंधापासून तीन महिने गेल्यावर पुन्हा या, तेव्हा पक्कं कळेल. पाकिटांची एक पिशवी दिली. आक्कानं ती धपाट्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

पुढचं मला दाजींनीच सांगितलं. त्यांना बोलायला मीच एक उरलो होतो. घरी आल्यावर आक्कानं डबा त्यांच्यापुढं ठेवला. ते म्हणाले, "तुझं आप्रेशन झालंय की." ती म्हणाली, "आप्रेशन लेकरं व्हऊ नयेत म्हणून केलं. हे मी मरू नये म्हणून हाय." दाजी मला म्हणाले, "मेव्हणे, एवढं साधं व्हतं तर तवाच का न्हाई सांगितलं रे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. मी परत विजेच्या खांबासारखं काहीतरी शोधू लागलो, पण त्या खोलीत तसं काही नव्हतं.

ते तीन महिने मी जसे काढले तसे कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. आक्का रोज स्वयंपाक करत होती, दाजींचं पथ्यपाणी बघत होती, पोरांना हाका मारून वाढत होती. मी तिला खोकला आला की दचकायचो. जीप आली तर तब्येतीचं कारण सांगायचो. वर्गात तो प्रश्न आला तेव्हा पोरांनी उत्तर एका सुरात सांगितलं आणि मी पाठ वळवून फळा पुसू लागलो. त्या मधल्या महिन्यातला एक एक दिवस मला आठवत होता. कोणत्या दिवशी मी काय निमित्त काढलं होतं तेसुद्धा.

मार्चमध्ये, बारावीचा पेपर नसलेल्या एका दिवशी, आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. त्याच खोलीत त्याच मुलीनं कागद दिला. आक्काला झालेलं नव्हतं. मुलगी हसत होती, आक्का तिचे हात धरून काहीतरी बोलत होती. मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो.

आक्का बाहेर आली. मी डोळे पुसत म्हणालो, "देवाची कृपा, आक्का."

"व्हय, कृपाच," ती म्हणाली. कागदाची बारीक घडी घालून तिनं ती कनवटीला खोचली. मग म्हणाली, "भाऊ, एक इचारू? खरं सांगा. ह्यात निघालं असतं, आन् मी हा कागूद घिऊन तुमच्याकडंच वाचायला आले असते, तर तुमी मला काय सांगितलं असतं?"

खरं तेच सांगितलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही, पंगतीत पोरांना अजून काय वाढू विचारताना बघते तशी.

"रगत कमी हाय म्हणूनच ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.